एकशे सतरा रेघा : पाचगणीजवळच्या एका जकुझीचं प्रकरण

मे महिन्याचा दुसरा आठवडा, सोमवार सकाळ. मी साताऱ्यात चहा घेत होतो आणि अण्णांचा फोन आला. "भाऊ, पाणी दुधासारखं झालंय, वर फेस येतोय. आणि शनिवारी राहून गेलेल्या पुण्याच्या कुटुंबाचा फोन होता. पोराच्या अंगावर पुरळ उठलंय म्हणतात. पण क्लोरीन तर पाच दाखवतंय! मामा रोज औषध टाकतात."

अण्णांचा बंगला पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मध्ये, मुख्य रस्त्यापासून आत. पाच खोल्या, शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईचे गट, मे महिन्यात जवळजवळ रोजच. मागच्या गच्चीवर सहा माणसांची जकुझी. खरं तर जकुझी हे एका कंपनीचं नाव. त्या इटालियन भावांपैकी एकाच्या लहान मुलाला संधिवात होता आणि त्याच्यासाठी १९५६ साली त्यांनी घरच्या टबात ठेवायचा पंप बनवला. आपल्याकडे मात्र बुडबुडे काढणाऱ्या गरम टबाला सरसकट जकुझीच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. या टबात १४०० लिटर पाणी मावतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं गणित त्याच्यावरच आहे.

फोनवर मी दोनच गोष्टी सांगितल्या. आज कुणालाही टबात उतरू देऊ नका आणि जेट, म्हणजे पाणी घुसळणारे फवारे, चालू करू नका. अण्णा नाराज झाले, संध्याकाळी आठ जण येणार होते. पण टब-तलावांचं पाणी बघणं हा माझा धंदा. पुरळ उठल्यावर मी पाणी तपासल्याशिवाय हो म्हणत नाही, आणि पुरळ हे त्याचं सगळ्यात लहान कारण आहे. १९९९ साली नेदरलँड्समधल्या बोव्हनकार्स्पेल गावात फुलांचं प्रदर्शन होतं. तिथे नुसता बघायला मांडलेला एक गरम टब चालू होता. त्याच्या तुषारांतून लिजनेला जिवाणू हवेत पसरला, शेकडो लोक आजारी पडले आणि तीसच्या वर माणसं गेली. त्यातल्या बहुतेकांनी टबाला हातही लावला नव्हता. जेट बंद ठेवा म्हणालो ते यासाठी.

पसरणीचा घाट चढून दुपारी पोचलो. पाण्याच्या आधी वास आला. डोळ्यांत झोंबणारा, 'क्लोरीन जास्त झालं' असं वाटायला लावणारा. इथे बहुतेकांची फसगत होते. ताज्या क्लोरीनला इतका वास नसतो. घाम, लघवी, अंगाचं तेल यांच्याशी क्लोरीन जुळलं की क्लोरामाइन तयार होतात आणि हा वास त्यांचा असतो. म्हणजे वास जितका उग्र, तितकं कामाचं क्लोरीन कमी पडतंय असं धरायचं.

केअरटेकर मामा टेस्ट पट्ट्यांची डबी घेऊन उभेच होते. पट्टी बुडवली, गडद जांभळी झाली. "ह्ये बघा सायेब, पाच." पट्टी खोटं बोलत नव्हती. फक्त त्या डबीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं की हा रकाना एकूण क्लोरीनचा आहे. एकूणात मोकळं क्लोरीनही आलं आणि घाणीला चिकटलेलं, मेलेलंही आलं. मी डीपीडीच्या, म्हणजे क्लोरीन वेगवेगळं मोजायच्या, गोळ्या काढल्या. एक नंबरची गोळी मोकळं क्लोरीन दाखवते, नंतर तीन नंबरची टाकली की एकूण. मोकळं साडेतीन, एकूण सहा. मधलं अडीच पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) म्हणजे निव्वळ क्लोरामाइन. हा फरक अर्ध्या पीपीएमच्या आत हवा.

पण मोकळं साडेतीन होतंच की! गरम टबाला किमान तीन पीपीएम क्लोरीन लागतं, तेवढं तर होतं. मग पुरळ का? अण्णांनी नेमकं हेच विचारलं, आणि बरोबर विचारलं.

उत्तर मामांच्या डब्यात होतं. पांढरा दाणेदार डायक्लोर. मामा रोज रात्री दोन चमचे, म्हणजे साधारण दहा ग्रॅम टाकायचे. कुणीतरी सांगितलेलं प्रमाण होतं आणि एकदाही चुकवलं नव्हतं. डायक्लोर हे क्लोरीन आणि सायन्युरिक आम्ल यांचं जोड-औषध आहे. क्लोरीन काम करून संपतं. सायन्युरिक आम्ल पाण्यातच राहतं. ते उडून जात नाही, फिल्टरमध्ये अडकत नाही. दहा ग्रॅम डायक्लोर १४०० लिटरमध्ये टाकलं की सुमारे ४ पीपीएम क्लोरीन मिळतं आणि त्याबरोबर साधारण ३.६ पीपीएम सायन्युरिक आम्ल साचतं. पाणी शिमग्याच्या आठवड्यात भरलेलं. सत्तर दिवस गुणिले ३.६ म्हणजे अडीचशेच्या वर.

मग सायन्युरिक मोजलं. नळीत पाणी घेऊन औषध टाकतात, पाणी दुधाळ होतं, तळाचा काळा ठिपका दिसेनासा झाला की तिथला आकडा वाचायचा, अशी ती चाचणी. इथे थोडंसं ओतलं न ओतलं तोच ठिपका गायब. नळीवर शंभराच्या पुढे आकडाच नसतो. मग एक भाग टबातलं आणि तीन भाग साधं पाणी मिसळून परत केलं. पन्नास आलं, म्हणजे टबात दोनशे. उरलेलं अंगाबरोबर बाहेर उडालेल्या पाण्यात गेलं असणार. हिशोब जुळला.

सायन्युरिक आम्ल क्लोरीनला धरून ठेवतं. उन्हात क्लोरीन लवकर मरू नये म्हणून पोहण्याच्या तलावात ते मुद्दाम घालतात आणि थोडं असलं तर उपयोगीच असतं. जास्त झालं की क्लोरीन जवळजवळ सगळंच त्याच्या मुठीत जातं. डीपीडीची गोळी ते मोजते, कारण गोळीसमोर ते हळूहळू सुटतं. जिवाणूंना तोपर्यंत भरपूर वेळ मिळतो. आमच्या धंद्यात तलावासाठी एक अंदाज धरतात की क्लोरीन सायन्युरिकच्या साडेसात टक्के तरी हवं. दोनशेला पंधरा. पंधरा पीपीएमच्या पाण्यात माणूस बसवायचा नसतो. म्हणजे या पाण्याला कुठलाही डोस बरोबर नव्हता. कमी टाकलं तर जिवाणू मरत नाहीत आणि पुरेसं टाकलं तर माणसांना चालत नाही.

मामांना हे कळल्यावर त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, "म्हंजी मीच रोज टाकून टाकून खराब केलं व्हय?" मी नाही म्हणालो. रोज टाकायचं हे त्यांना सांगितलं होतं, कधी थांबायचं हे कुणीच सांगितलं नव्हतं.

बाकीचे आकडे पटकन सांगतो. पीएच ८, हवा ७.२ ते ७.८. अल्कलिनिटी (पाण्याची ॲसिड झेलायची ताकद) १६०, ८० ते १२० पुरते. पीएच वर जायचं कारण साधं आहे. जेट पाणी घुसळतात, त्यातला कार्बन डायऑक्साइड उडतो आणि पीएच चढतो. अल्कलिनिटी जितकी जास्त तितका जोरात चढतो. पाणी ३९ अंशावर. चाळीसच्या वर कधीच न्यायचं नाही, पाहुणे कितीही 'अजून गरम करा' म्हणाले तरी.

टीडीएस मीटरची गोष्ट मात्र थांबून सांगण्यासारखी. अण्णांकडे स्वतःचा मीटर होता, आरओवाल्याने दिलेला. त्यांनी कुठेतरी वाचलं होतं की भरताना असलेल्या टीडीएसपेक्षा १५०० वाढला की पाणी बदलायचं. नियम खरा आहे. टबात १५६० भरला. सुरुवातीचं पाणी नळाचं, त्याचा टीडीएस १२०. फरक १४४०. अण्णा खुश. "बघा, अजून बसतंय!" एका मीटरवर विसंबलं की असं होतं. टीडीएस सगळ्या विरघळलेल्या क्षारांची बेरीज सांगतो, त्यात काय आहे ते सांगत नाही. मामांनी सत्तर दिवस टाकलेल्या डायक्लोरचं सगळं वजन धरलं तरी पाचशे पीपीएमच होतं. पण पाणी निकामी करायला तेवढं पुरलं होतं.

मी दुसरा नियम काढला. अमेरिकेत वापरतात तो असा, की टबाची क्षमता गॅलनमध्ये घ्या, तीनने भागा, मग रोज किती माणसं बसतात त्याने भागा. जो आकडा येईल तितक्या दिवसांनी पाणी बदला. लिटरमध्ये करायचं तर तीनऐवजी साधारण बारा. पाहुण्यांच्या रजिस्टरवरून मोजलं तर सत्तर दिवसांत टबात बसलेली माणसं तीनशेच्या आसपास, म्हणजे रोजची चारच्या थोडी वर. १४०० भागिले १२, भागिले ४.३. सत्तावीस दिवस. म्हणजे पाणी एव्हाना दोनदा बदलून व्हायला हवं होतं.

आठ माणसं एक लाख लिटरच्या तलावात उतरली तर एकेकाच्या वाट्याला साडेबारा हजार लिटर येतं. सहाच्या टबात आठ कोंबली तर पावणेदोनशे. तेही गरम, घाम काढणारं. शिवाय आपल्याकडे लोक कपड्यांसकट उतरतात. बर्म्युडा, टी-शर्ट, कुर्ता, आणि त्या सगळ्यात धुण्याच्या पावडरीचा अंश. फेस तिथून येतो. डोक्याला खोबरेल, अंगाला सनस्क्रीन. फिल्टर बाहेर काढला तर त्याच्या घड्यांमध्ये अजून गुलाबी रंग होता, रंगपंचमीचा. मामा तो दर आठवड्याला पाइपने धुवायचे, पण तेलकट थर नुसत्या पाण्याने निघत नाही. आधी तेल काढणाऱ्या द्रावणात भिजवायचा. काही जण थेट ॲसिडमध्ये टाकतात, त्याने तेल कापडात पक्कं बसतं.

दरम्यान पुण्याहून अण्णांना परत फोन आला. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की केसांच्या मुळांना झालेला संसर्ग आहे, गरम टबात होतो तो, आणि बहुधा स्युडोमोनास नावाच्या जिवाणूचा. पुरळ चड्डीखाली जास्त होतं, जिथे ओला कपडा अंगाला चिकटून राहतो. हे लक्षण ओळखीचं आहे. टबातून निघाल्यावर काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत उठतं आणि निरोगी माणसाला बहुधा आठवडाभरात आपोआप बरं होतं. अण्णांनी त्या कुटुंबाचे पूर्ण पैसे परत केले. मी सांगायच्या आधीच केले, हे मला आवडलं.

पाणी सोडायचं की नाही

आता खरा वाद. मे महिना, टँकरवर चाललेलं घर, आणि मी म्हणतोय की सगळं पाणी सोडा.

अण्णा म्हणाले, "अर्धंच बदलू. मग परत आठवड्याने अर्धं. उन्हाळ्यात चौदाशे लिटर गटारात घालायचं मन होत नाही हो." बोलणं चुकीचं नव्हतं. पण कागदावर मांडून बघा. अर्धं बदललं की दोनशेचे शंभर. परत अर्धं, पन्नास. परत अर्धं, पंचवीस. तीन वेळा सातशे म्हणजे २१०० लिटर गेलं आणि तरी पंचवीस शिल्लक. एकदाच पूर्ण सोडलं तर १४०० जातं आणि काहीच शिल्लक राहत नाही. पाणी वाचवायचं म्हणूनच पूर्ण सोडायचं.

दुसरं कारण पाइपमधलं. टबाच्या पोटात नळ्यांचं जाळं असतं आणि जेट बंद असले की तिथे ओल राहते, गरमी राहते, क्लोरीन पोचत नाही. स्युडोमोनास तिथे बुळबुळीत थर करून बसतो, विहिरीच्या पायरीवर शेवाळ बसावं तसा. अर्धं पाणी बदलून तो थर जागचा हलत नाही.

म्हणून सोडण्याआधी त्याच पाण्यात नळ्या साफ करायचं द्रव टाकलं. गच्चीवरून सगळ्यांना खाली पाठवलं, मी मास्क लावला आणि जेट चालवले. अर्ध्या तासात पाण्यावर तपकिरी पापुद्रे आले, चहाच्या चोथ्यासारखे. अण्णा जिन्यातून डोकावून बघत होते. त्यानंतर ते अर्ध्या पाण्याचं काही बोलले नाहीत.

सकाळी आधी टबाचा एमसीबी, म्हणजे विजेचा खटका, पाडला. कोरड्या टबात हीटर चालू झाला तर तो जळतो, मग माझ्यापेक्षा इलेक्ट्रिशियनचं बिल मोठं येतं. छोट्या सबमर्सिबल पंपाने पाणी उपसलं, ते घराच्या शोषखड्ड्यात सोडलं, विहिरीपासून लांब. शेजारच्या स्ट्रॉबेरीच्या शेताकडे उतार होता, तिकडे जाऊ दिलं नाही. एरवीचं, नळ्यांचं औषध न टाकलेलं पाणी असेल तर दोन-तीन दिवस झाकण उघडं ठेवून क्लोरीन शून्यावर आलं की सिल्व्हर ओकच्या मुळाशी घालायला हरकत नाही. हे मात्र नाही.

भरायचं कुठलं पाणी?

तीन पाणी हाताशी होती. बंगल्याची विहीर, नळ आणि टँकर. विहिरीचं चवीला गोड, मामांचा त्याच्यावर फार जीव. पण महाबळेश्वरच्या या पट्ट्यातला जांभा लोखंडाने भरलेला असतो. पांढऱ्या बादलीत विहिरीचं पाणी घेतलं, त्यात थोडं हायपो (पातळ क्लोरीन) टाकलं आणि जेवायला बसलो. जेवून आलो तर बादलीत कोरा चहा. विरघळलेलं लोह क्लोरीन लागताच गंजून वर येतं. हेच टबात झालं असतं तर पांढऱ्या ॲक्रिलिकवर डाग बसले असते. नवं पाणी भरण्याआधी ही बादली प्रत्येकाने करावी, फुकट आहे.

टँकरचं पाणी घाटाखालच्या विहिरीचं, काळ्या पाषाणातलं. कठीणपणा ३२०, अल्कलिनिटी २१०. हीटरच्या कांडीवर जो पांढरा खर धरला होता तो याच पाण्याने, रोजच्या भरतीने. नळाचं पाणी उलट, फार मऊ. कठीणपणा ६०, अल्कलिनिटी ५०. नुसतं मऊ पाणीही बरं नाही, ते धातू खायला उठतं. अर्धं-अर्धं मिसळलं तर कठीणपणा १९० आणि अल्कलिनिटी १३०. कठीणपणा १५० ते २५०च्या मधोमध आला, त्याला हात लावायची गरजच नाही. नळाचं पाणी दोन दिवस साठवलं आणि टँकरच्या पाण्याबरोबर फिल्टरच्या भोकातून भरलं, म्हणजे नळ्यांत हवा अडकत नाही. अल्कलिनिटी ८०वर आणायला कोरडं ॲसिड, सोडियम बायसल्फेट, सुमारे १७० ग्रॅम. तेही एकदम नाही, तीन वेळा, मध्ये पाणी फिरवून.

क्लोरीनसाठी डायक्लोर बंद. घरच्या चार माणसांचा टब असता तर थोडं सायन्युरिक, वीस-तीसपर्यंत, मी चालवून घेतलं असतं. इथे रोज नवी माणसं येतात आणि अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा तर स्पष्ट सल्ला आहे की गरम टबात सायन्युरिक वापरूच नका. म्हणून कॅनमधलं हायपो, दहा टक्क्यांचं. १४०० लिटरला पाच पीपीएम न्यायचं तर सत्तर मिली. मामांनी लगेच विचारलं, "ग्रामपंचायतीत टीसीएल मिळती, ती न्हाय चालायची?" टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर, विहिरीला ठीक. तिच्यात चुना असतो, टब गढूळ होतो आणि हीटरवर परत खर. एक मात्र मी त्यांच्याकडून तीनदा वदवून घेतलं. हायपोच्या मापात डायक्लोर नको, ॲसिड नको, एकाचा चमचा दुसऱ्यात नको. विषारी वायू निघतो, भडकाही उडू शकतो. आणि हायपोचा कॅन सावलीत ठेवायचा, उन्हात त्याचा जोर जातो.

पहिल्या रात्री क्लोरीन दहावर नेलं, माणसं नाहीत, जेट थोडा वेळ चालवले, मग झाकण. सकाळी दोन उरलं होतं. रात्री कुणी बसलं नसताना आठ पीपीएम कुणी खाल्लं? नळ्यांत अजून काहीतरी शिल्लक होतं. दुसऱ्या रात्री परत दहा, सकाळी सहा. सायन्युरिक नसलेल्या गरम पाण्यात तेवढी घट मी धरून चालतो. क्लोरामाइनचा फरक ०.२. तेव्हा कुठे शुक्रवारी दुपारी टब उघडला. चार दिवसांचं बुकिंग गेलं आणि अण्णांनी ते मला दोनदा ऐकवलं.

राहिला रोजचा प्रश्न. मामांना भागाकार सांगितला तर ते मान हलवतात आणि विसरतात. दिवसांची सरासरी काढत बसणं मलाही कटकटीचं वाटतं. मग लक्षात आलं की सूत्र उलटं केलं की दिवस गळूनच जातात. १४०० भागिले १२ म्हणजे ११७. या टबातलं पाणी एकशे सतरा माणसं झेलतं. ती दहा दिवसांत बसोत की तीस, हिशोब तोच. मामांना म्हटलं, माणूस टबात उतरला की कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एक उभी रेघ. पाचवी आडवी मारायची, पोती मोजतात तशी. माणूस बाहेर येऊन जेवून परत उतरला तरी नवी रेघ. सोबत दिवसातून दोनदा डीपीडी आणि पीएच, आणि उतरण्याआधी साबणाशिवाय शॉवर. शॉवरची पाटी अण्णांनी लावली, ती किती पाळली जाते ते मी विचारलेलं नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पाणी एकदा बदललं. मला बोलावलं नाही, मामांनीच केलं, फक्त एमसीबीचं विचारायला फोन केला. मग पाऊस लागला, गर्दी कमी झाली आणि रेघाही मंदावल्या. परवा गुरुवारी रात्री फोन आला. मागे पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"सायेब, एकशे बारा रेघा झाल्यात. क्लोरीन चार हाय, पानी आरशागत हाय. पन शनवारी सात जन येनार."

"मग काय करताय?"

"उद्या सकाळी सोडतो की. नळाला पानी हाय आता. फकस्त टँकर न्हाय ह्या टायमाला, तवा ते कठीणपनाचं कसं करू त्येवढं सांगा."

नुसतं नळाचं पाणी म्हणजे साठ. मी त्यांना कॅल्शियम क्लोराइडचं वजन सांगितलं. पलीकडून पेन्सिलीने लिहिल्याचा आवाज आला.